निक डेकॉस : ३५ नंबरची जर्सी आणि पहिले चार मोसम

यारातीरी

मंडळी, नमस्कार.

इथे क्रिकेटवर रोज धागे निघतात, फुटबॉलवर विश्वचषकाच्या वेळी निघतात. ऑस्ट्रेलियन फूटीवर, म्हणजे इथल्या देशी फुटबॉलवर, मराठीत कुणी लिहिलेलं माझ्या तरी वाचनात आलेलं नाही, म्हणून मीच लिहायला बसलो, कॉलिंगवूड क्लबच्या निक डेकॉसबद्दल.

मेलबर्नला येऊन मला चौदा वर्षं झाली. पहिली काही वर्षं सोमवारी सकाळी ऑफिसात फूटीच्या गप्पा सुरू झाल्या की मी चहाचा कप घेऊन बाजूला व्हायचो. बिनबाह्यांच्या जर्सीतली छत्तीस माणसं, लंबगोल चेंडू, दोन्ही टोकांना चार-चार खांब, आणि नेम चुकून चेंडू बाजूच्या खांबांमधून गेला तरी एक गुण. काहीच डोक्यात शिरायचं नाही.

ते शिरलं २५ एप्रिल २०२३ ला, आणि माझ्या वडिलांमुळे. बाबा सांगलीहून तीन महिन्यांसाठी आले होते. सुट्टीचा दिवस, अँझॅक डे, म्हणजे इथला सैनिकांचा स्मृतिदिन, आणि ऑफिसातल्या एकाने एमसीजीची, म्हणजे मेलबर्न क्रिकेट मैदानाची, दोन तिकिटं दिली. कॉलिंगवूड विरुद्ध एसेंडन, दोन्ही मेलबर्नचेच क्लब. आम्ही अगदी वरच्या मजल्यावर बसलो होतो. सामन्याआधी युद्धात गेलेल्या सैनिकांसाठी बिगुल वाजलं आणि पूर्ण मैदान गप्प झालं. नव्वद हजारांच्या वर माणसं असतील. बाबांनी नकळत डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

बाबा तरुणपणी खो-खो खेळलेले. नियम मी त्यांना सांगणार काय, मलाच धड येत नव्हते. पंधरा-वीस मिनिटं ते काही बोलले नाहीत. मग माझा दंड धरून म्हणाले, "त्यो पस्तीस नंबर बघ. पोरगं चेंडूकडं बघतच न्हाई. मोकळं रान कुठं हाय ते आधी बघतंय, मग चेंडूला जातंय."

मग मीही तेवढंच बघत बसलो. चेंडू अजून दुसऱ्याच्या हातात असायचा, आणि हा किडकिडीत पोरगा मान डावीकडे, मान उजवीकडे, परत डावीकडे. चेंडू हातात आला की एक पाऊल, फार तर दोन, आणि लाथ. कधी उजव्या पायाने, कधी डाव्या. आसपासचे तिघे त्याच्यावर धावून येईपर्यंत चेंडू पन्नास मीटर लांब, आपल्याच माणसाच्या छातीवर. शेवटच्या क्वार्टरला मागे असलेलं कॉलिंगवूड १३ गुणांनी जिंकलं आणि सामन्यातल्या सर्वोत्तम खेळाडूचं अँझॅक पदक या पोराला मिळालं. वय २० वर्षं, दुसराच मोसम. त्याचं नाव निक डेकॉस.

ज्यांना खेळ अजिबात माहीत नाही त्यांच्यासाठी जरुरीपुरतं सांगतो. एका बाजूला १८ खेळाडू, वीस-वीस मिनिटांचे चार क्वार्टर, आणि खेळ थांबलेला वेळ वर धरायचा. मधल्या दोन उंच खांबांतून लाथेने चेंडू घातला तर ६ गुण, तो गोल. बाजूच्या खांबांतून गेला तर १ गुण, त्याला बिहाइंड म्हणतात. चेंडू हाताने फेकायला बंदी. एका तळहातावर धरून दुसऱ्या मुठीने ठोसायचा, तो हँडबॉल. १५ मीटर किंवा त्याहून लांबून आलेली किक हवेतच झेलली तर तो मार्क, मग तुम्हाला कुणी हात लावू शकत नाही, निवांत किक मारा. ऑफसाइड हा प्रकारच नाही. त्यामुळे प्रतिस्पर्धी कुठूनही येतो, पाठीमागूनसुद्धा. मान सारखी फिरती ठेवणं किती मोलाचं आहे ते यातच आलं.

निकचा जन्म ३ जानेवारी २००३ चा. वडील पीटर डेकॉस हे कॉलिंगवूडचं दैवत. १९७९ ते १९९३ या काळात २५० सामने, ५४९ गोल. घराणं मॅसिडोनियातून आलेलं, म्हणून त्यांना 'मॅसिडोनियन मार्व्हल' म्हणत. सीमारेषेला चिकटून, जिथून खांबांमधली फट दिसतही नाही अशा कोनातून गोल मारणं ही त्यांची खासियत. १९९० मध्ये त्यांनी एका मोसमात ९७ गोल केले, आणि त्याच वर्षी कॉलिंगवूडने १९५८ नंतर पहिल्यांदा अजिंक्यपद मिळवलं. बत्तीस वर्षांचा उपास सुटला. त्यांचा नंबर ३५. मुलाने क्लबमध्ये पाऊल ठेवताना तोच नंबर घेतला.

आता २०२५ चा मोसम संपला तेव्हा निक २२ वर्षांचा होता. चार मोसमांत त्याने काय काय केलं ते पुढच्या प्रतिसादांत लिहितो. तुमचे प्रश्नही येऊ द्या.

गिरगावकर

छान सुरुवात. तुमच्या बाबांचं वाक्य फार आवडलं.

आमच्यासाठी एमसीजी म्हणजे अजिंक्य रहाणे. डिसेंबर २०२०, आधीच्या कसोटीत ३६ धावांत सगळा संघ बाद झालेला, कर्णधार कोहली घरी परतलेला, आणि त्या पार्श्वभूमीवर रहाणेच्या ११२ धावा. मी पहाटे पाचला उठून बघितल्यात. त्याच मैदानावर हिवाळ्यात हा खेळ होतो हे माहीत होतं, पण खेळपट्टीचं काय करतात?

आता मुद्द्याचा प्रश्न. वडील दैवत, मुलगा त्याच क्लबात, जर्सीसुद्धा वडिलांच्या नंबरची. आपल्याकडे याला घराणेशाही म्हणतात. सुनील गावसकरांच्या मुलाला, रोहनला, ११ एकदिवसीय सामने मिळाले, आणि त्या अकराही सामन्यांत त्याच्या पाठीवर आडनावाचं ओझं होतं. अर्जुन तेंडुलकरने गोव्याकडून रणजी पदार्पणात शतक काढलं, पण दुसऱ्या दिवशीच्या बातम्या निम्म्या वडिलांच्या १९८८ च्या पदार्पणातल्या शतकाबद्दल होत्या. मला या मुलांची खरोखर काळजी वाटते. या निकला क्लबात जागा नावावर मिळाली की खेळावर?

यारातीरी

गिरगावकर, आधी खेळपट्टीचं. एमसीजीवर ती बाहेर तयार करून उन्हाळ्यात आणून बसवतात आणि मोसम संपला की उचलून नेतात. आणि गंमत म्हणजे या खेळाचा जन्मच क्रिकेटपायी झाला. १८५८ मध्ये टॉम विल्स नावाच्या क्रिकेटपटूने पत्र लिहून सुचवलं की हिवाळ्यात क्रिकेटवाल्यांचं अंग आखडू नये म्हणून काहीतरी खेळ हवा. पुढच्याच वर्षी, मे १८५९ मध्ये, मेलबर्न क्लबने नियम लिहून काढले.

घराणेशाहीचा प्रश्न मलाही पडला होता. इथे 'फादर-सन' नावाचा नियमच आहे, १९४९ पासून. वडील एखाद्या क्लबकडून किमान १०० सामने खेळले असतील तर मुलावर त्या क्लबचा पहिला हक्क. पण फुकट काही मिळत नाही. दर वर्षी नोव्हेंबरात ड्राफ्ट होतो, म्हणजे अठरा वर्षांच्या आसपासच्या पोरांची क्रमवार निवड. साधारणपणे तळाला असलेला क्लब आधी निवडतो. प्रत्येक क्रमांकाला ठरलेली किंमत असते : २०२१ मध्ये पहिल्याला ३,००० पॉइंट, चौथ्याला २,०३४. दुसऱ्या कुठल्या क्लबने मुलाचं नाव पुकारलं की वडिलांच्या क्लबने तेवढी किंमत मोजायची. २०२१ च्या नियमाने त्यात २० टक्के सूट होती.

निकचं नाव गोल्ड कोस्ट क्लबने चौथ्या क्रमांकावर पुकारलं. कॉलिंगवूड त्या वर्षी अठरा संघांत सतरावं, आणि पहिल्या फेरीतला स्वतःचा क्रमांक आदल्या वर्षीच देऊन बसलेलं. मग त्यांनी खालचे-खालचे क्रमांक गोळा करून पॉइंटांची बेरीज जमवली आणि निकला घेतलं. म्हणजे त्याची किंमत परक्या क्लबने ठरवली. वडिलांच्या नावाने दार कुठलं ते ठरलं, दाराची किंमत मात्र त्याच्या खेळाने ठरली.

त्याचा मोठा भाऊ जॉश याच नियमाने २०१६ मध्ये आला, तो ५७ व्या क्रमांकावर. आडनाव तेच, वडील तेच, क्रमांक ५७. त्याला पक्की जागा मिळवायला कितीतरी वेळ लागला. २०२० मध्ये 'गोल ऑफ द इयर' त्याचा होता. लोकांनी त्याला थोरल्या डेकॉसचा मुलगा म्हणणं तेव्हा थांबवलं असं मला वाटतं.

पर्थवासी

लेख आवडला, पण दुसरी बाजू मांडतो. मी पर्थला असतो, इथल्या वेस्ट कोस्ट क्लबचा पाठीराखा.

फादर-सन नियम ऐकायला फार गोड वाटतो. पण गोल्ड कोस्ट क्लब स्पर्धेत आला २०११ ला, ग्रेटर वेस्टर्न सिडनी २०१२ ला. त्यांच्याकडे शंभर सामने खेळलेले आणि वर अठरा वर्षांचा मुलगा असलेले बाप येणार कुठून? कॉलिंगवूडसारख्या जुन्या क्लबांना हा वारसाहक्क मिळतो आणि नव्या क्लबांनी फक्त नाव पुकारून किंमत वाढवायची. गोल्ड कोस्टने निकवर बोली लावली आणि रिकाम्या हाताने परतले, हेच उदाहरण घ्या. त्यात वर सूट कशासाठी? हवा असेल तर पूर्ण किंमत मोजा. एवढंच आमचं म्हणणं आहे.

आणि मुलांच्या बाजूनेही बघा. आमच्याकडे २०२३ च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकावर हार्ली रीड आला. व्हिक्टोरियातल्या टोंगाला या लहानशा गावचा पोरगा. अठराव्या वर्षी घर, मित्र, शेत सगळं सोडून अडीच हजार किलोमीटरपेक्षा लांब, दुसऱ्या महासागराच्या काठाला. पहिल्या सामन्यापासून रोज एकच प्रश्न, हा परत कधी जाणार? निक रात्री आईच्या हातचं जेवून झोपू शकत होता, त्याच शहरात, भावाबरोबर त्याच ड्रेसिंग रूममध्ये. दोघांची तुलना करताना हे कुणी धरतच नाही.

यारातीरी

पर्थवासी, सवलतीबद्दल तुमचं म्हणणं मला पटतं. फक्त एक जोड. हा फायदा आता मेलबर्नच्या क्लबांपुरता उरलेला नाही. ब्रिस्बेनने मार्कस अ‍ॅशक्रॉफ्टचे दोन मुलगे याच नियमाने घेतले, आणि त्यातल्या विलने २०२४ आणि २०२५ अशा लागोपाठ दोन अंतिम सामन्यांत सर्वोत्तम खेळाडूचं नॉर्म स्मिथ पदक मिळवलं. पण गोल्ड कोस्टबद्दल तुम्ही म्हणता ते खरंच.

घरच्या जेवणाचा मुद्दा तर शंभर टक्के. हार्लीबद्दल वाचताना मला माझं इथलं पहिलं वर्ष आठवतं, आणि मी तेव्हा सत्तावीस वर्षांचा होतो.

आता पहिला मोसम. मार्च २०२२, पहिली फेरी, सेंट किल्डाविरुद्ध पदार्पण, विजय. नवा प्रशिक्षक क्रेग मॅक्रे. त्याने जे केलं ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. निक लहानपणापासून मधल्या फळीतला खेळाडू. पण मॅक्रेने त्याला बहुतेक वेळ हाफ-बॅकला ठेवलं, म्हणजे आपल्या गोलच्या बाजूला, बचावाच्या फळीत. का? मैदानाच्या मधोमध, अंपायर तेव्हा चेंडू आपटून खेळ सुरू करायचा तिथे, चहूबाजूंनी माणसं आदळतात. समोरचे ९०-९५ किलोचे, दहा-दहा वर्षं व्यायामशाळेत घालवलेले. एकोणीस वर्षांच्या पोराचं अंग अजून भरायचंय. हाफ-बॅकला मात्र सगळा खेळ तोंडासमोर असतो. चेंडू तुमच्याकडे येतो, बघायला अर्धा-एक सेकंद जास्त मिळतो. ज्याची नजर हीच खरी ताकद आहे त्याला तिथे उभं केलं की ती नजर पहिल्या दिवसापासून कामाला लागते.

अठराव्या फेरीत अ‍ॅडलेडला जाऊन त्याने ४० वेळा चेंडू पुढे दिला आणि ३ गोल केले. ४० हा आकडा मुरलेल्या मधल्या फळीच्या खेळाडूलाही भूषण वाटावा असा. कॉलिंगवूड तो सामना ५ गुणांनी जिंकलं. मोसमाअखेरीस 'रायझिंग स्टार' हा नवोदिताचा पुरस्कार त्याला मिळाला, सतरावा संघ चौथा आला, आणि उपांत्य फेरीत सिडनीत जाऊन एका गुणाने हरला. ९५-९४.

करोनाचंही सांगायला हवं. या पिढीच्या पोरांची सतरा-अठरा ही वर्षं मेलबर्नच्या टाळेबंदीत गेली. २०२० चा इथला कनिष्ठ गटाचा मोसम खेळवलाच गेला नाही, २०२१ चाही तुकड्या-तुकड्यांत झाला. घराच्या अंगणात भावाबरोबर चेंडू मारणं, एवढंच हातात. निकच्या अंगणात वडीलही उभे होते.

सोनचाफा

यारातीरी दादा, मी मेलबर्नच्या पश्चिमेला असते. माझा मुलगा आठ वर्षांचा. शाळेतले सगळे मित्र ऑसकिकला, म्हणजे लहान मुलांच्या फूटीच्या वर्गाला, जातात म्हणून त्यालाही घातलं. शनिवारी सकाळी थंडीत ओल्या गवतावर पोरं पळतात आणि आम्ही आया थर्मास घेऊन उभ्या. त्याच्या पाठीवर ३५ नंबर आहे, हे सांगायला नकोच.

पण मला भीती वाटते आणि ती कुणापाशी बोलता येत नाही. नवरा म्हणतो अतिकाळजी करतेस. मागच्या वर्षी, ऑसकिकला नव्हे, एका मैत्रिणीच्या मोठ्या मुलाच्या क्लबात, त्या मुलाच्या डोक्याला दुसऱ्याचा गुडघा लागला. तो उठला, हसला, आणि प्रशिक्षकाने पाच मिनिटांत परत मैदानात धाडला. संध्याकाळी मुलगा उलट्या करत होता. रात्रभर इस्पितळात होती ती. पुढे बरा झाला, पण ती रात्र मी तिच्याबरोबर बसून काढली आहे.

मोठ्यांच्या खेळात याबद्दल काय करतात? आणि आपल्यासारख्या घरातल्या मुलांना हा खेळ खेळू द्यावा का?

लाल_आखाडा

ताई, काळजी वाटणारच. त्यात अति काही नाही. मी कोल्हापूरचा, पंधरा वर्षं तालमीत काढलीत. आमच्या वस्तादांचा एकच दंडक होता : मान दुखली, डोकं गरगरलं की आखाड्याबाहेर, आणि परत कधी उतरायचं ते पैलवानानं नाही, वस्तादानं ठरवायचं. अठरा वर्षांचं पोरगं कधीच म्हणणार नाही की मला बसू द्या. त्या प्रशिक्षकानं फार मोठी चूक केली.

यारातीरी, मी हा खेळ कधी बघितला नव्हता. तुमचा लेख वाचून दोन रात्री यूट्यूबवर बसलो. मला एक गोष्ट दिसली. २०२३ चा हॉथॉर्नबरोबरचा सामना बघा. एक खेळाडू या निकला नुसता चिकटून आहे. चेंडू कुठं का असेना, हा त्याच्या अंगाला अंग लावून. कुस्तीत आम्ही याला हात बांधून ठेवणं म्हणतो. स्वतः डाव टाकायचाच नाही, पण समोरच्याला पकड घेऊ द्यायची नाही. बघायला कंटाळवाणं, पण करायला फार अवघड काम. दम लागतो, आणि स्वतःची हौस बाजूला ठेवावी लागते. त्या पोराचं नाव काय? मला त्याचं जास्त कौतुक वाटलं.

यारातीरी

लाल_आखाडा, दोन रात्रींत तुम्ही नेमका सामना उचललात. त्या पोराचं नाव फिन मॅगिनेस, आणि त्या कामाला इथे टॅगिंग म्हणतात. आणि ऐका, फिनसुद्धा फादर-सन नियमानेच हॉथॉर्नमध्ये आलेला. त्याचे वडीलही त्याच क्लबचे.

तो सामना २०२३ च्या एकविसाव्या फेरीतला. तीस-पस्तीस वेळा चेंडू हाताळणाऱ्या निकला त्या दिवशी फक्त ५ वेळा चेंडू मिळाला, वर गुडघ्याच्या हाडाला बारीक तडा गेला. सामनाही गेला. त्या आठवड्यापर्यंत ब्राउनलो पदकासाठी सगळे त्याचंच नाव घेत होते. मोसमातल्या सर्वोत्तम खेळाडूचं हे पदक अंपायर देतात, दर सामन्यात ३, २, १ अशी मतं. निक शेवटच्या तीन फेऱ्या बाहेर बसला आणि ब्रिस्बेनच्या लॅची नीलच्या ३१ मतांपुढे २८ वर राहिला, तिसरा. तीन सामने, तीन मतं. ते गणित मी कितीदा तरी मनात मांडलं आहे.

मग उपांत्य सामन्याला तो परत आला. कॉलिंगवूड एका गुणाने जिंकलं, ५८-५७. आणि ३० सप्टेंबर २०२३, अंतिम सामना, ब्रिस्बेन समोर, एमसीजीवर १,००,०२४ माणसं. मी घरी टीव्हीसमोर, बाबा सांगलीत मोबाइलवर, मध्ये व्हॉट्सअ‍ॅप कॉल चालू. शेवटच्या दोन-तीन मिनिटांत आम्ही दोघंही बोलत नव्हतो, फक्त एकमेकांचा श्वास ऐकू येत होता. ९०-८६. चार गुण. सर्वोत्तम खेळाडू बॉबी हिल ठरला, चार गोल. क्लबचं हे सोळावं अजिंक्यपद. जॉश आणि निक दोघेही संघात, आणि त्या वर्षीचा क्लबचा सर्वोत्तम खेळाडूचा कोपलँड चषक जॉशला. ५७ व्या क्रमांकाच्या भावाला.

सोनचाफा ताई, तुमचा प्रश्न मी टाळणार नाही. त्याच २०२३ च्या सप्टेंबरात कॉलिंगवूड-मेलबर्न सामन्यात आमचा ब्रेडन मेनार्ड किक अडवायला उडी मारून मेलबर्नच्या अँगस ब्रेशॉवर आदळला. ब्रेशॉ जागीच बेशुद्ध. मेनार्डवर लीगच्या शिस्त समितीपुढे खटला चालला, तो सुटला. ब्रेशॉ मात्र पुन्हा कधी खेळला नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये, २८ व्या वर्षी, डॉक्टरांच्या सल्ल्याने त्याने निवृत्ती घेतली. मी कॉलिंगवूडचा आहे आणि मला ते अजूनही खुपतं. अजिंक्यपदाच्या आनंदातून ती एक संध्याकाळ वेगळी काढता येत नाही.

आता या खेळात डोक्याला मार लागलेल्या खेळाडूला किमान बारा दिवस खेळता येत नाही, आणि स्थानिक क्लबांत ही मुदत त्याहूनही मोठी आहे. तुमच्या मैत्रिणीच्या मुलाला पाच मिनिटांत परत पाठवणं नियमात बसतच नव्हतं. ऑसकिकमध्ये आठ वर्षांच्या मुलांना अंगावर जाऊन पाडायला शिकवत नाहीत, त्यामुळे आत्ता खेळू द्या असं मी म्हणेन. पुढे क्लब निवडताना दोनच प्रश्न विचारा : डोक्याला लागलं तर मैदानावर निर्णय कोण घेतं, आणि त्याला प्रशिक्षकाचं ऐकावं लागतं का? उत्तर देताना कुणी चुळबुळ केली तर दुसरा क्लब बघा.

गिरगावकर

घराणेशाहीबद्दल मी प्रश्न विचारला होता, आता स्वतःच थोडं दुरुस्त करतो. काल रात्री विचार करताना शब्द सुचला, घराणं. गाण्यातलं. किराणा, जयपूर, ग्वाल्हेर. तिथे मुलगा बापाच्या पायाशी बसून आठ-दहा वर्षं नुसते पलटे घोटतो. आवाज त्याचा स्वतःचा, पण कुठे श्वास घ्यायचा ते घरात शिकलेलं. मैफलीत रसिक बसलेले असतात, त्यांच्यापुढे आडनाव पाच मिनिटं टिकतं. निकची ती मान फिरवण्याची सवय मला अशी वाटते. सीमारेषेवरून गोल मारणाऱ्या बापाने फट कशी शोधायची ते अंगणात दाखवलं असणार. बाप पुढच्या फळीतला, मुलगा मधला, पण नजर एका घरची.

२०२४ आणि २०२५ चं काय झालं? तिसऱ्या-चौथ्या वर्षी बरीच पोरं ढेपाळतात.

यारातीरी

गिरगावकर, घराणं हा शब्द मी आता वापरत जाणार.

ढेपाळला नाही. २०२४ मध्ये संघ घसरला, नववा आला, अंतिम आठांत नाही. निक पूर्णपणे मधल्या फळीत गेला होता आणि दर आठवड्याला कुणी ना कुणी त्याला चिकटायला पाठवलेला असायचाच. अंगाला माती लागलेली, जर्सी ओढून सैल झालेली, तरी मान तशीच फिरती. कोपलँड चषक त्याने घेतला. ब्राउनलोमध्ये ३८ मतं. दर सामन्याला एकदाच ३, २, १ मतं देण्याच्या पद्धतीत तोवर ३६ च्या वर कुणी गेलं नव्हतं (१९७६-७७ ला दोन अंपायर वेगवेगळी मतं देत, ते आकडे सोडून). पोराने तो विक्रम मोडला आणि तरी हरला, कारण त्याच रात्री कार्लटनच्या पॅट्रिक क्रिप्सला ४५ मतं पडली. २०२५ ला पुन्हा दुसरा : गोल्ड कोस्टचा मॅट राउल ३९, निक ३२. तीन वर्षांत तिसरा, दुसरा, दुसरा. आणि २०२३, २०२४, २०२५ तिन्ही वर्षं ऑल-ऑस्ट्रेलियन संघात, म्हणजे मोसमातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या मानाच्या संघात.

ब्राउनलो हुकल्याचं लोक फार बोलतात. मला त्यापेक्षा २०२४ चा मोसम जास्त मोलाचा वाटतो. संघ जिंकत असताना चांगलं दिसणं एक, आणि संघ गाळात असताना दर शनिवारी तेवढंच पळणं वेगळं.

पर्थवासी

हे मात्र मान्य. २०२४ मध्ये मी त्याला पर्थमध्ये प्रत्यक्ष बघायला तिकीट काढलं असतं, विरोधी संघाचा असूनही. एका बाबतीत हार्ली आणि निक सारखे आहेत, चेंडू हातात असताना दोघंही घाबरत नाहीत. हार्ली माणसाला ढकलून जातो, निक माणूस येण्याआधीच निघून जातो.

सोनचाफा

दादा, मनापासून धन्यवाद. तुमचे दोन प्रश्न वहीत लिहून ठेवलेत. नवऱ्यालाही धागा वाचायला दिला. रात्री म्हणाला, ब्रेशॉचं मला माहीतच नव्हतं.

अजून एक विचारते. लेकाला आता डाव्या पायाने किक मारायचीच आहे, कारण निक मारतो. दिवसभर गॅरेजच्या दारावर धाड-धाड. चेंडू मात्र दर वेळी भलतीकडे. काय चुकत असेल?

यारातीरी

ताई, बहुतेक चेंडू सोडण्यात चुकतंय. लहान मुलं चेंडू वर उडवतात आणि मग पाय मारतात. उडवायचा नाही. चेंडू उभा धरायचा, शिवण पुढे, टोक खाली. डाव्या पायाने मारायचंय तर डाव्या हाताने चेंडूला खालीपर्यंत नेऊन सोडायचं, जणू काचेची बरणी ओट्यावर ठेवतोय. हात आणि पाय यांच्यातलं अंतर जितकं कमी, तितका चेंडू सरळ. पावलाचा वरचा भाग, बुटाची नाडी असते तिथे लागला पाहिजे, आणि पंजा ताठ. सुरुवातीला पाच मीटरच मारू दे, कुणाच्या तरी हातात. गॅरेजच्या दाराशी आठवडाभर कट्टी.

शनिवारी मी तुमच्याच बाजूला येणार आहे, मुलीला पोहायला सोडायला. दहा वाजता ओव्हलवर या. मुलांच्या मापाचा जुना चेंडू आहे माझ्याकडे, तो घेऊन येतो. बाबाही परत आलेत सांगलीहून, तेही येतील. पोराला म्हणावं, आजोबांना मान फिरवून दाखवायची तयारी ठेव.